फरकाचा फ्रीज

त्या गुरुवारी अनिस मुलाणीने ठरवलं ते एवढंच, की आता आणखी एकही दुकान बघायचं नाही.

गुरुवार म्हणजे त्याच्या चाकणच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी. सकाळपासून तो आणि रुक्साना फ्रीज बघत हिंडत होते. रुक्सानाच्या पर्समध्ये सुतळीचा एक तुकडा होता, त्याला दोन गाठी मारलेल्या, आणि त्या दोन गाठींच्या मध्ये जो मावेल तोच फ्रीज त्यांच्या पुनावळ्याच्या स्वयंपाकघरात मावणार होता. प्रत्येक दुकानात ती सुतळी काढायची, फ्रीजला लावायची आणि मान हलवायची. हायवेलगतच्या एका चकचकीत शोरूममध्ये शेवटी गाठी बरोबर बसल्या. तिथे एसी होता, सोफा होता आणि सोफ्यावर बसलेल्याला कॉफी मिळत होती. अनिस सोफ्यावर बसला, आणि पुढचं सगळं त्या सोफ्यामुळेच घडलं.

"एकदा पिंपरी कॅम्पात विचारून येऊ या का?" रुक्साना म्हणाली.

"रुक्साना," अनिस कॉफीचा कप ठेवत म्हणाला, "मी परचेसमध्ये आहे."

हे वाक्य तो घरात उठताबसता वापरायचा. आणि ते खोटंही नव्हतं. गाड्यांच्या दरवाजांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या त्या कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये त्याचा दरारा होता. एका वायसरमागे काही पैसे कमी करायला लावून त्याने भोसरीच्या सप्लायरांना घाम फोडलेला होता. पण तिथे पैसे कंपनीचे, खुर्ची स्वतःची आणि समोरचा माणूस गरजू. इथे सेल्समन हसून म्हणाला, "सर, तुम्ही मार्केट जाणणारे दिसता. तुम्हाला मी चुकीचा भाव सांगूच शकत नाही," आणि आपले अनिसभाई तिथेच खलास. (माणसाला फसवायचं तर आधी त्याला हुशार म्हणावं, हा नियम त्याने स्वतः सप्लायरांवर कितीदा वापरला होता. पण डॉक्टरला कुठे स्वतःचा ताप कळतो!) त्याने खिशातून क्रेडिट कार्ड काढलं, गुळगुळीत कागदावर झोकात सही केली आणि घरी येताना रुक्सानाला सांगितलं, "या भावात हा फ्रीज अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी देऊन दाखवावा."

दोन आठवड्यांत कुणीतरी देऊन दाखवला.

खालच्या मजल्यावरचा ज्योतीराम मूळचा चाकणजवळच्या खेड्यातला. जमीन होती, आता कंपनीत शिफ्टला जायचा. त्याच्याकडे टेम्पोतून फ्रीज उतरताना अनिस सहज गॅलरीत उभा होता. कंपनी तीच, मॉडेल तेच. शेजारधर्म म्हणून तो खाली गेला आणि शेजारधर्म म्हणूनच त्याने भाव विचारला. ज्योतीरामने सांगितला. अनिसच्या फ्रीजपेक्षा साडेसहा हजारांनी कमी.

"घासाघीस बरीच करावी लागली असेल?" अनिसने घसा खाकरून विचारलं.

"न्हाई ओ राव. आमी कुठं घासाघीस करतोय! पिंपरी कॅम्पात गेलो, बसलो. हशूभाईनी च्या दिला. आमच्या म्हातारीनं त्यांना इचारलं, सूनबाई कशा हायेत, नातवंडं किती. निघताना त्यांनीच भाव खाली आणला. का ओ, तुमाला केवढ्याला पडला?"

"साधारण तेवढ्यालाच," अनिस म्हणाला, आणि मागे वळून बघतो तर जिन्यात रुक्साना उभी.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण रुक्साना भांडली नाही. ती एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती, कुठलं औषध किती थेंब द्यायचं हे तिला नीट ठाऊक होतं. कोथिंबीरवाल्याने जुडीचा भाव सांगितला की ती आत बघून म्हणायची, "थांबा हं, ह्यांना विचारते. हे परचेसमध्ये आहेत." सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरचा विषय निघाला तेव्हा तिने सगळ्यांसमोर सुचवलं, "आमच्या ह्यांना पाठवा ना. हे परचेसमध्ये आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनिसला पहिल्यांदाच वाटलं, की आपण अकाउंट्समध्ये असतो तर किती बरं झालं असतं.

अशा मनःस्थितीत एका संध्याकाळी त्याची कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकली. तिथे अडकलेला माणूस आधी मोबाइलवरचे सगळे मेसेज वाचतो, मग सगळ्या बातम्या वाचतो आणि मग निरुपाय होऊन बँकेचे ईमेलही वाचतो. अनिस त्या तिसऱ्या अवस्थेला पोचला होता. तिथे त्याला दोन शब्द दिसले. प्राइस प्रोटेक्शन. या कार्डवर घेतलेल्या वस्तूची किंमत ठराविक मुदतीत त्याच शहरात उतरली, तर फरकाची रक्कम परत.

अनिसने ते तीनदा वाचलं. मग बसमध्येच उभा राहिला. (उतरायचं असेल म्हणून ड्रायव्हरने दार उघडलं. त्याला परत बसावं लागलं.)

त्याने ताबडतोब कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवल्यानंतर एका मुलीचा आवाज आला.

"सर, आपली समस्या सांगा."

"मॅडम, फ्रीज."

"सर, फ्रीज गार होत नाहीये का?"

"फ्रीज गार आहे, मॅडम. घर गरम आहे."

"एसीसाठी वेगळा विभाग आहे, सर. जोडून देऊ?"

"नको, नको! मला प्राइस प्रोटेक्शन पाहिजे."

"कुणापासून, सर?"

खरं उत्तर 'बायकोपासून' हे होतं, पण बसमध्ये सगळा डिस्पॅच विभाग कान देऊन बसला होता. अनिसने नीट समजावून सांगितलं. मग त्या मुलीने अटी वाचल्या. मॉडेल तंतोतंत तेच हवं. रंगसुद्धा तोच. जुनं देऊन नवं घेतल्याचा भाव चालणार नाही. तोंडी भाव चालणार नाही, दुकानाच्या छापील कागदावर, शिक्क्यासकट हवा. रकमेची पडताळणी करायला आमचा माणूस घरीही येऊ शकतो.

ज्योतीरामचं बिल बाद झालं. त्याने जुना फ्रीज दिला होता आणि नव्याचा रंग वांगी होता. अनिसचा चंदेरी. म्हणजे हशूभाईंकडूनच चंदेरी फ्रीजचं छापील कोटेशन आणायला हवं. कंपनीत अनिस दिवसाला पाच कोटेशनं मागवायचा आणि चार केराच्या टोपलीत टाकायचा. यात अवघड ते काय?

पण एकटा पुरुष दुकानात जाऊन 'फक्त कोटेशन द्या' म्हणाला, तर तो दुसऱ्या दुकानाचा हेर वाटतो. सोबत बाईमाणूस हवं. रुक्सानाला नेलं तर तिला सगळं सांगावं लागलं असतं, आणि अनिसला तर पैसे हातात पडल्यावर ते तिच्यापुढे ठेवून, काही न बोलता नुसतं चहा मागायचा होता. त्या चहाचं चित्र त्याने मनात रंगवूनसुद्धा ठेवलं होतं. तेव्हा पुढच्या गुरुवारी त्याने गाडी दापोडीला वळवली, सासूबाईंकडे.

रोशनबी रेल्वेलाइनलगतच्या गल्लीत एकट्या राहायच्या. त्यांच्या फ्रीजचं दार नायलॉनच्या दोरीने बांधलेलं असायचं. तो सुरू झाला की गाडी आली असं वाटायचं आणि गाडी आली की फ्रीज सुरू झाला असं. जावयाला दारात बघून त्यांनी चष्मा लावला.

"अनिसमियाँ? सगळं खैरियत ना? रुक्साना बरी आहे?"

"सगळं छान आहे, अम्मी. म्हटलं, पिंपरी कॅम्पात चक्कर मारून येऊ. तुमचाही बाजार होईल."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण जावयाने आपण होऊन कधी बाजाराला नेलं नव्हतं. रोशनबींनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग ठेवणीतला दुपट्टा घेतला आणि दाराला कुलूप घातलं.

हशूभाईंचं दुकान म्हणजे कॅम्पातल्या गल्लीतला एक लांबलचक बोगदा. दोन्ही बाजूंना फ्रीज पहारेकऱ्यांसारखे उभे, आणि टोकाला गल्ल्यावर हशूभाई. अनिसने चंदेरी फ्रीज दाखवला आणि भाव विचारला. हशूभाईंनी सांगितला. तो अनिसच्या खरेदीपेक्षा आधीच कमी होता. तेवढ्यावर कोटेशन मागून निघायचं होतं, पण त्या क्षणी त्याच्यातला परचेसवाला जागा झाला. जेवढा भाव उतरेल तेवढा फरक जास्त, आणि जेवढा फरक जास्त तेवढा चहा गोड!

"हा काय भाव झाला, हशूभाई?" तो म्हणाला.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. अनिस कॉम्प्रेसरवर घसरला, पत्र्याच्या जाडीवर घसरला, दाराच्या बिजागऱ्या हलवून म्हणाला, "ह्या आम्ही बनवतो, मला सांगू नका." तो दोनदा उठून रस्त्यापर्यंत गेला. हशूभाईंनी दोनदा बोलावून घेतलं. हशूभाईंनी मुलाबाळांची शपथ घेतली, अनिसने कंपनीची घेतली. शेजारचा पंखेवाला दुकान सोडून बघायला आला. शेवटी हशूभाई खुर्चीत मागे रेलले आणि रुमालाने मान पुसत म्हणाले, "घ्या साहेब. घरचा माणूस समजून देतो. यात मला चहाचे पैसेही सुटत नाहीत."

असा विजय अनिसने कंपनीतही मिळवला नव्हता. इथे सेल्समनने त्याला हुशार म्हटलं नव्हतं, त्याने स्वतः सिद्ध केलं होतं. तो खुर्चीवर बसला, पायावर पाय टाकला आणि अगदी सहज म्हणाला, "ठीक आहे. मग हेच एका कोटेशनवर लिहून द्या. शिक्क्यासकट."

"कोटेशन?" हशूभाई म्हणाले.

तेवढ्यात बाजूला हुंदका ऐकू आला.

रोशनबी त्या चंदेरी फ्रीजच्या दारावर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अनिसमियाँ," त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी? एवढं भांडलात ते माझ्यासाठी?"

अनिसने पायावरचा पाय खाली घेतला.

"मी कधी मागितलं नाही हो कुणाला," रोशनबी हशूभाईंना सांगू लागल्या. "दोरी बांधून दिवस काढले. पोटच्या पोराच्या लक्षात आलं नसतं, पण ह्यांच्या आलं. म्हणून सकाळी सकाळी न्यायला आले. मी म्हटलं, असं कसं आज बाजाराला नेतात!"

हशूभाईंचेही डोळे भरून आले. पंखेवाला म्हणाला, "असा जावई नशिबाने मिळतो, मावशी." रस्त्यावरून चाललेल्या दोन बायका थांबल्या आणि त्यांनी अनिसकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याची छाती आपोआप फुगली. (फुगलेल्या छातीने माणसाला खरं बोलता येत नाही.)

"अम्मी, त्याचं असं आहे..." त्याने सुरुवात केली.

पण रोशनबींनी तोवर रुक्सानाला फोन लावला होता. दोन मिनिटं हुंदके आणि दुवा यांची सरमिसळ झाली आणि मग त्यांनी फोन अनिसच्या हातात दिला.

"अहो," पलीकडून रुक्साना म्हणाली. आवाज मऊ होता. ज्योतीरामचा फ्रीज उतरल्यापासून हा आवाज अनिसने ऐकला नव्हता. "मला सांगितलंसुद्धा नाहीत! लवकर या घरी. बिर्याणी टाकते."

अनिसने खिशातून क्रेडिट कार्ड काढलं.

अशा रीतीने साडेसहा हजार परत मिळवायला गेलेला माणूस अख्खा फ्रीज घेऊन परतला. पण अनिसने हिंमत सोडली नाही. बिर्याणी खाता खाता त्याच्या ध्यानात आलं, की कोटेशन नाही मिळालं तर काय झालं, त्याच मॉडेलचं, त्याच रंगाचं, कमी भावाचं चक्क बिल आपल्या हातात आहे! कोटेशनपेक्षा बिल केव्हाही भक्कम. त्याने दोन्ही बिलं जोडून क्लेम पाठवून दिला. ती बिर्याणी पुढे चांगली दोन वेळा गरम करून खाल्ली, आणि 'परचेसमध्ये आहेत' हे वाक्य घरातून नाहीसं झालं.

क्लेमचा माणूस आला तो नेमका एका गुरुवारी, रोशनबी लेकीकडे जेवायला आलेल्या असताना. रणजीत नावाचा तरुण, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर बॅग. अनिसने त्याला हॉलमध्ये बसवून स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं. रणजीतने आधी अनिसच्या मोबाइलवर फ्रीजचा फोटो बघितला, नंबर जुळवला, मग बिलं हातात घेऊन डोकं खाजवलं.

"सर, दोन्ही बिलं तुमचीच आहेत."

"हो ना. एक महागाचं, एक स्वस्ताचं."

"तुमचा फ्रीज व्यापार आहे का?"

"अहो, मी परचेसमध्ये..." अनिसने जीभ चावली. "नाही, व्यापार नाही."

"सर, एकाच कार्डवर एकसारखे दोन फ्रीज म्हटल्यावर आमच्या सिस्टिममध्ये तुम्ही डीलर दिसताय. डीलरला क्लेम नाही." रणजीत पोरगा चांगला होता. तो पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, "पण मी एक मार्ग सांगतो. दुसरा फ्रीज तुम्हाला घ्यायचाच नव्हता, फक्त भावाच्या पुराव्यासाठी चौकशीला गेला होतात आणि गैरसमजातून तो गळ्यात पडला, असं काही झालं असेल तर तसं लिहून सही करा. मी आजच पास करतो."

अनिस त्याच्याकडे बघतच राहिला. त्याच्या आयुष्यात इतकं खरं वाक्य दुसऱ्या कुणी तयार करून दिलं नव्हतं. त्याने पेन घेतलं.

त्याच वेळी दार उघडून रोशनबी चहा घेऊन आल्या.

"हे कोण पाहुणे?"

"अम्मी, हे फ्रीजच्या कामासाठी आलेत."

"माझ्या फ्रीजच्या?" रोशनबी टेबलावर कप ठेवत रणजीतला म्हणाल्या. "बेटा, छान चालतोय हं. आवाज नाही, काही नाही. पहिल्या रात्री मी दोनदा उठून बघितलं, चालू आहे का म्हणून. गल्लीतल्या सगळ्या येऊन पाणी पिऊन गेल्या. मी म्हटलं, जावयाने दिलाय. प्या."

रणजीतने अनिसकडे बघितलं. अनिसने हातातल्या पेनकडे बघितलं. 'गैरसमजातून गळ्यात पडला' हे लिहायला किती वेळ लागतो? दोन ओळी. पण त्या ओळी त्या पाण्याच्या पेल्यांवर लिहाव्या लागणार होत्या. अनिसने दोनदा पेन टेकवलं आणि दोनदा उचललं.

"लिहा," तो शेवटी रणजीतला म्हणाला, "दुसरा फ्रीज मी सासूबाईंसाठी घेतला. ठरवून घेतला. समजून उमजून."

"सर, मग फरक मिळणार नाही."

"नको."

"विचार करा, सर."

"चहा घ्या," अनिस म्हणाला. "गार होतोय."

रणजीतने चहा घेतला, कागदावर एक मोठी आडवी रेघ मारली आणि जाताना दारात थांबून अनिसला नमस्कार केला, दोन्ही हात जोडून. लिफ्ट खाली गेली तरी अनिस तिथेच उभा होता. पैसे गेले होते, पण आत काहीतरी उजळल्यासारखं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपण तोट्याचा सौदा डोळे उघडे ठेवून केला, आणि केवढा मोठा केला! हे रुक्सानाला आत्ताच्या आत्ता सांगायचं का कधीच सांगायचं नाही, हे त्याला ठरवता येईना. न सांगण्यात जास्त मोठेपणा होता, पण सांगितल्याशिवाय तो कुणाला कळणार कसा? रिकामे कप उचलून तो स्वयंपाकघराकडे निघाला.

दार अर्धवट उघडं होतं. आत मायलेकींचं हळू आवाजात चाललं होतं.

"अम्मी, बाहेरचं सगळं ऐकलं मी. ते कोटेशनसाठीच गेले होते, हे तुला माहीत होतं?" रुक्साना विचारत होती.

"मग! गाडीत प्रत्येक सिग्नलला फोन काढून तेच तेच पुटपुटत होते. मॉडेल तेच, रंग तोच, छापील कागद. आणि दुकानात भाव ठरताच म्हणतात, कोटेशन लिहून द्या. मला वाटलं, आता हे कागद घेऊन उठणार आणि मी दोरी बांधायला परत दापोडीला."

"म्हणून रडलीस?"

"भाव तर त्यांनी चांगला उतरवलाच होता. तो वाया का घालवायचा?"

कप हातात धरून अनिस दाराबाहेर उभा राहिला. परचेसमध्ये त्याने एकाहून एक सप्लायर पाहिले होते. शपथा घेणारे पाहिले, पाया पडणारे पाहिले. पण भाव दुसऱ्याने उतरवायचा, पैसे दुसऱ्याने भरायचे, आणि वर त्यालाच पुण्यवान वाटायला लावायचं, असा सौदा त्याने पाहिला नव्हता. आत जावं की हॉलमध्ये परतावं, असा तो विचार करत होता तेवढ्यात रोशनबींचा आवाज पुन्हा आला.

"रुक्साना, येत्या गुरुवारी ह्यांना काही काम नाही ना? मला वॉशिंग मशीन बघायची आहे. आणि हो, येताना एक मोठा रुमाल आण. ती महाग असते."